पशुवैद्यक परिषदेची प्रगती मोजायची कशी?

तुमच्यासारख्या तरुण पशुवैद्यकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पशुवैद्यकांचं नियमन करणारी परिषद काही वर्षांसाठी उद्दिष्टं जाहीर करते. मुदत संपत आली की 'बहुतेक उद्दिष्टं पूर्ण, उरलेली प्रगतिपथावर' असा आढावा येतो. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या तरुण डॉक्टरला मात्र बोगस डॉक्टर पूर्वीइतकेच दिसतात, आणि परिषदेशी त्याचा संबंध येतो तो पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना. मग प्रगती झाली की नाही, हे ठरवायचं कशावरून?

मी सरकारी दवाखान्यात काम केलं, पुढे स्वतःची प्रॅक्टिस केली, आणि परीक्षक म्हणून महाविद्यालयांत जाणं-येणंही राहिलं. त्यातून बनलेलं मत आधीच सांगतो. उद्दिष्ट पूर्ण झालं का हे विचारण्याआधी ते कोणाच्या हातातलं होतं, हे विचारा. अशा आढाव्यांत तीन तऱ्हांची कामं एकाच पंगतीत बसवलेली असतात: परिषद स्वतः करू शकते ती, ती फक्त सुचवू शकते ती, आणि तिच्या अखत्यारीत नसलेली. पहिल्यात दिरंगाई झाली असेल तर सबब ऐकू नये. दुसऱ्यात पाठपुरावा किती चिवट होता ते पाहावं. तिसऱ्याचं श्रेय घेतलेलं दिसलं तर तेवढं पान उलटावं.

ही विभागणी कळायची तर कायदा थोडा उलगडावा लागतो. पशुवैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत येतो, नोंद १५. त्यामुळे संसदेला थेट कायदा करता येत नव्हता. काही राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव केले आणि मग अनुच्छेद २५२ खाली भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ झाला. बाकीच्या राज्यांनी तो पुढे आपापल्या सवडीने स्वीकारला. आता त्यात बदल करायचा म्हटला तरी वाट तीच, आधी राज्यांचे ठराव आणि मग संसद. म्हणून 'कायद्यात कालानुरूप सुधारणा' असं उद्दिष्ट कुठल्याही योजनेत दिसलं की मी त्याची वेगळी खूण करतो. परिषद मसुदा करू शकते, राज्यांना पत्रं लिहू शकते, मंत्रालयात खेटे घालू शकते. कायदा ती बदलू शकत नाही. तिला जाब विचारायचा तर मसुदा तयार आहे का, तो लोकांसमोर ठेवला का, किती राज्यांकडे पाठवला आणि कोणाचं उत्तर आलं, एवढ्यापुरताच विचारता येतो.

कामाची वाटणीही लक्षात ठेवावी. दिल्लीची भारतीय परिषद पदव्यांना मान्यता, शिक्षणाचे किमान निकष, अखिल भारतीय नोंदवही आणि आचारसंहिता पाहते. राज्य परिषद, आपल्याकडे नागपूरची महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद, राज्याची नोंदवही ठेवते, नूतनीकरण करते, तक्रारी ऐकते, वेळ पडली तर नाव कमी करते. केंद्रीय परिषदेत २७ सदस्य असतात आणि त्यांतले ११ नोंदणीकृत पशुवैद्यकांनी निवडून दिलेले. उरलेले मुख्यतः सरकार, संस्था आणि संघटना यांच्या वाटेने येतात, राज्यांचे पशुसंवर्धन संचालक आणि महाविद्यालयांचे प्रमुख त्यांतच आले. म्हणजे ज्यांच्या खात्यांचं आणि महाविद्यालयांचं मोजमाप व्हायचं, त्यांतले काही मोजणाऱ्यांच्या बाकावरही बसतात. यात कुणाच्या हेतूवर शंका नाही, पण आढावा वाचताना हे विसरू नये.

आणखी एक गैरसमज निवडणुकांच्या काळात फार फोफावतो. परिषद ही आपली संघटना नव्हे. रिक्त पदं, वेतनश्रेणी, इंटर्नांचा स्टायपेंड, बदल्या हे प्रश्न खरे आहेत, पण ते मांडायला संघटना आहेत. परिषद आहे ती जनावराचा मालक, जनावर आणि दूध-मांस खाणारा ग्राहक यांच्यासाठी. आपल्यावर लक्ष ठेवणारी संस्था आपणच निवडून देतो, म्हणून ती आपल्या बाजूने लढावी असं वाटतं. तशी ती लढू लागली, तर ज्या दिवशी आपल्यापैकी एखाद्याविरुद्ध तक्रार येईल त्या दिवशी शेतकऱ्याने कुणाकडे जायचं?

आता आढाव्यातल्या गोष्टी एकेक घेऊ. पहिली नोंदवही. 'नोंदणीकृत पशुवैद्यकांची संख्या एवढ्याने वाढली' हे वाक्य बहुतेक आढाव्यांत असतं आणि त्यातून कळतं फार थोडं. नोंदवहीत नाव असलेला माणूस प्रॅक्टिस करतो असं नाही. कोणी बँकेत कृषी अधिकारी झालेला असतो, कोणी औषध कंपनीत, कोणी स्पर्धा परीक्षेतून महसूल खात्यात, कोणी परदेशात. काही जण हयातही नसतात, कारण मृत्यूची खबर परिषदेला कोणी कळवतच नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याचं नाव जुन्या नोंदवहीतही राहिलेलं असतं. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार गुरांच्या एककांमागे (लहान जनावरं गुरांच्या मापात धरून) एक पशुवैद्यक असावा असं सुचवलं. आज ते गुणोत्तर काढायचं म्हटलं तर वरची संख्या २०१९ च्या विसाव्या पशुगणनेतून मिळते: देशात सुमारे ५३.५८ कोटी पशुधन, महाराष्ट्रात ३.३ कोटींच्या आसपास. खालची संख्या मात्र नोंदवहीवर अवलंबून, आणि नोंदवही शिळी असेल तर सगळं गणितच कोलमडतं.

नोंदवही जिवंत ठेवणं हे शंभर टक्के परिषदेच्या हातातलं काम आहे. त्याला संसद लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. नूतनीकरणाच्या अर्जात चार रकाने वाढवले, म्हणजे सध्या प्रॅक्टिस करता का, कुठल्या तालुक्यात, मोठी जनावरं की लहान की कोंबड्या, नोकरी की स्वतःचं, तरी पाच वर्षांत एक फेरी पूर्ण होते आणि कुठल्या जिल्ह्यात मोठ्या जनावरांचा डॉक्टर उरलेलाच नाही हे कागदावर दिसू लागतं. दुसरं, शेतकऱ्याला फोनवर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून समोरचा माणूस खरा आहे का ते पाहता यायला हवं, मराठीत. 'संगणकीकरण पूर्ण' असं आढाव्यात लिहिलेलं असेल तर मी एक सोपी परीक्षा घेतो: ओळखीच्या दिवंगत सहकाऱ्याचं नाव शोधून पाहतो. ते अजून 'वैध' दिसत असेल तर पुढचं वाचण्याची फारशी घाई करत नाही.

दुसरी गोष्ट तक्रारींची. इथे आकडे फसवे असतात. तक्रारी कमी झाल्या ही बातमी चांगली की वाईट? लोकांना परिषद माहीतच नसेल तर तक्रारी कमीच येणार. बऱ्याच पशुपालकांना आपल्या डॉक्टरविरुद्ध दाद मागण्याची जागा आहे हेच ठाऊक नसतं. ते थेट ग्राहक आयोगात किंवा पोलीस ठाण्यात जातात, नाहीतर गप्प बसतात. म्हणून सुरुवातीच्या काळात तक्रारी वाढणं हे मी सुधारणेचं लक्षण धरतो. पाहायचं ते वेगळंच. तक्रार पोचल्याची पहिली पोच किती दिवसांत गेली, निर्णय किती महिन्यांत झाला, आणि तो कारणांसकट कुठे वाचायला मिळतो का.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आचारसंहितेचे विनियम १९९२ सालापासून आहेत, पण विनियम वाचून वागणूक शिकणारे डॉक्टर थोडे. डॉक्टर शिकतो तो निकालांवरून. म्हैस प्रसूतीत दगावली, मालकाला आधी धोका सांगितला होता का, लेखी संमती घेतली होती का, केसपेपर होता का, आणि परिषदेने यातलं काय पुरेसं मानलं, असा एक निकाल नावं झाकून छापला तरी शंभर व्याख्यानांचं काम करतो. माझ्या पाहण्यात आलेल्या बऱ्याच वादांत उपचार चुकलेला नव्हता. बोलणं चुकलेलं होतं. 'होईल बरी' म्हणून डॉक्टर निघून गेला आणि रात्री गाय गेली. दुसरा मोठा गट दाखल्यांचा. विम्याच्या दाव्यासाठी मृत जनावराचा दाखला, कानातला टॅग न तपासता केलेली सही, शवविच्छेदन न करता भरलेला शवविच्छेदन अहवाल. या बाबतीत परिषदेने कडक व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या सहीला बाजारात किंमत आहे ती कायद्यामुळे. अधिनियमाच्या कलम ३० ने प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच दिला आहे. तो विकला गेला तर बोगस डॉक्टरविरुद्ध बोलायला आपल्याला तोंड उरत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, बोगस डॉक्टर. कलम ३० म्हणतं, नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कोणी पशुवैद्यकीय व्यवसाय करू नये. त्याच कलमात एक खिडकी आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पशुधन पर्यवेक्षकासारख्या कर्मचाऱ्याला राज्य सरकार आदेशाने प्राथमिक स्वरूपाच्या किरकोळ सेवा द्यायची मुभा देऊ शकतं, मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाखाली. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी ही उदाहरणं कायद्यानेच दिली आहेत. त्यापुढची यादी राज्याने ठरवायची. आपल्याकडचा बहुतेक झगडा या खिडकीच्या मापाचा आहे. पदवीधर म्हणतात ती दरवाजाएवढी झाली, पदविकाधारक म्हणतात श्रेणी-२ चा, म्हणजे पर्यवेक्षकाच्या भरवशावरचा, दवाखाना इतकी वर्षं आम्हीच चालवला, आता आम्हीच बोगस कसे?

दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणून सगळ्यांना एका यादीत घालून 'बोगस डॉक्टरमुक्त राज्य' असं उद्दिष्ट ठेवणं मला चुकीचं वाटतं. गोठ्यावर येणारी माणसं निदान तीन प्रकारची असतात. एक पदविकाधारक पर्यवेक्षक, ज्याला मर्यादित परवानगी आहे आणि जो तिच्या पलीकडे जातो. दुसरा कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण घेतलेला, राष्ट्रीय गोकुळ मिशनमधला 'मैत्री' (गावपातळीवरचा रेतन तंत्रज्ञ) किंवा दूध संघाचा माणूस. त्याला रेतनाचं काम दिलेलं आहे, पण रेतनासाठी गेल्यावर 'ताप पण आहे हो, एक इंजेक्शन टाका' म्हटलं की तो टाकतो. तिसरा कुठलंच शिक्षण नसलेला, कधीकाळी डॉक्टरच्या बॅगा उचललेला किंवा औषध दुकानात काम केलेला. या तिघांवर एकच उपाय चालत नाही. पहिल्यासाठी देखरेख खरी व्हावी लागते, दुसऱ्यासाठी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेवर जबाबदारी टाकावी लागते, तिसऱ्यासाठी फौजदारी तक्रार.

फौजदारी तक्रारीत परिषदेचा हात किती तोकडा आहे तेही पाहा. तिच्याकडे निरीक्षकांची फौज नाही. पोलीस गुन्हा नोंदवणार, साक्षीला पशुपालक लागणार, आणि पशुपालक साक्षीला येत नाही, कारण उद्या रात्री दहाला गाय अडली तर त्याच माणसाला फोन करायचा असतो. हे कटू असलं तरी खरं आहे. जिथे नोंदणीकृत डॉक्टर रात्री पोचतो तिथे बोगस प्रॅक्टिस आपोआप आक्रसते, आणि जिथे तो पोचत नाही तिथे नोटिसा काढून काही होत नाही. म्हणून 'एवढ्या बोगस डॉक्टरांवर कारवाई' हा आकडा आढाव्यात आला की मी पुढे विचारतो, कारवाई म्हणजे नोटीस, गुन्हा की शिक्षा? आणि ज्या गावांत कारवाई झाली तिथे आज उपचार कोण करतं?

परिषदेच्या हातातलं यात एक काम आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होतं: देखरेख. कायद्यात 'देखरेखीखाली' असं लिहिलंय, मग प्रत्येक पर्यवेक्षकावर देखरेख करणारा नोंदणीकृत पशुवैद्यक नावानिशी कोण? तो किती जणांवर देखरेख करतो? त्याने केसरजिस्टर शेवटचं कधी तपासलं? सही करणाऱ्या पशुवैद्यकावर परिषदेचा थेट अधिकार चालतो, कारण त्याचं नाव तिच्या नोंदवहीत आहे. बोगस माणसावर हात टाकता येत नसेल, पण त्याच्या कामावर आपल्या नावाचं छत्र धरणाऱ्या डॉक्टरवर नक्की टाकता येतो. हे करायला धैर्य लागतं, कारण मतदार तोच डॉक्टर आहे.

शिक्षणाबद्दल. पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. किमान निकषांचे सध्याचे विनियम २०१६ चे. देशभरातल्या जागांपैकी १५ टक्के परिषदेमार्फत अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, आता नीटच्या गुणांवर. महाविद्यालयांची तपासणी परिषद करते, पण मान्यता काढून घ्यायची तर अंतिम अधिसूचना केंद्र सरकारची. हेही अर्ध्या हातातलं काम. 'एवढ्या महाविद्यालयांची तपासणी पूर्ण' या ओळीला म्हणून मी फार गुण देत नाही. तपासणीच्या दिवशी शिक्षक, जनावरं, उपकरणं सगळं जागेवर असतं. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी काय असतं, तो खरा प्रश्न. अहवालातल्या त्रुटी, महाविद्यालयाने दिलेलं उत्तर आणि पुढच्या तपासणीत त्या राहिल्या की गेल्या, हे तिन्ही कागद एकत्र प्रसिद्ध झाले तर पालक आणि विद्यार्थी स्वतःच निवाडा करतील.

जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१२ साली नव्या पदवीधराला पहिल्या दिवशी काय यायला हवं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. परीक्षक म्हणून मला त्यांचा उपयोग वाटतो, कारण ती इमारतीबद्दल बोलत नाहीत, हाताबद्दल बोलतात. मुलाला मायांगात हात घालून वासराची ठेवण ओळखता येते का? व्याल्यावर अडकलेली वार कधी ओढायची नाही हे कळतं का? फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय असलेलं मेलेलं जनावर कापायचं नाही, हे त्याला झोपेतही आठवतं का? रोगाची खबर कुणाला द्यायची हे माहीत आहे का? इंटर्नशिपच्या वहीत सह्या पूर्ण असतात आणि मुलगा सिझेरियन करायला घाबरतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. यात मुलाला दोष कमी. एका केसभोवती इतके विद्यार्थी उभे असतात की मागच्या रांगेतल्याला फक्त समोरच्याची पाठ दिसते. महाविद्यालयाच्या दवाखान्यात वर्षाला किती केसेस येतात आणि त्यात दर विद्यार्थ्यामागे किती, हा आकडा आढाव्यात शोधा. तो नसेल तर बाकीचे आकडे सजावट आहेत.

पदवीनंतरच्या प्रशिक्षणावर थोडक्यातच बोलतो. कार्यशाळा होतात, प्रमाणपत्रं मिळतात, जेवण चांगलं असतं. घेतलेल्या प्रशिक्षणाने प्रॅक्टिसमध्ये काय बदललं हे कोणी विचारत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सने पशुवैद्यकांना वर्षाला ३५ तासांचं प्रशिक्षण बंधनकारक केलंय आणि तासांच्या जोडीला शिकलेल्याचा वापर कसा केला याची नोंद लिहायला लावतात. तास मोजणं सोपं, ती नोंद लिहिणं अवघड, आणि फरक त्या नोंदीतच पडतो.

ब्रिटनचं नाव आलंच आहे तर थोडं विषयांतर. तिथली संस्था १८४४ पासूनची, शिस्तभंगाच्या सुनावण्या सर्वांसमोर होतात, निकाल सविस्तर छापले जातात, २०२०-२०२४ अशी पाच वर्षांची उद्दिष्टं लिहून ठेवलेली होती. तरी तिचीही मेख कायद्यातच अडकली. १९६६ चा कायदा व्यक्तीचं नियमन करतो, दवाखाना चालवणाऱ्या कंपनीचं नाही. २०१३ साली तिथले सुमारे १० टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांचे होते, दशकभरात ते प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात गेलं, आणि पाळीव प्राण्यांच्या उपचारांच्या किमतींवर २०२३ मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाला चौकशी सुरू करावी लागली. डॉक्टरवर अधिकार, पण त्याला दर ठरवून देणाऱ्या मालकावर नाही. आपल्याकडे मोठ्या शहरांत साखळी दवाखाने उघडू लागले आहेत. आपल्या १९८४ च्या कायद्याचा भरही व्यक्तीच्या नोंदणीवरच आहे. पुढच्या योजनेत परिषदेने दवाखान्यांच्या दर्जाचा विषय आतापासून घेतला तर मी त्याला दूरदृष्टी म्हणेन.

औषधांच्या बाबतीत श्रेयाचा गोंधळ सर्वाधिक होतो. गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात होत्या म्हणून २०१५ साली त्या कुपीवर ३ मिलीची मर्यादा घातली गेली. कोलिस्टिन हे प्रतिजैविक २०१९ मध्ये दूध-मांस-अंडी देणाऱ्या जनावरांसाठी बंद झालं, केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही वेदनाशामकं २०२३ मध्ये सगळ्याच जनावरांसाठी. हे सगळे निर्णय औषध कायद्याखालचे, आरोग्य मंत्रालयाचे. तसंच २०१९ पासूनची लाळ्या-खुरकुताची राष्ट्रीय लसीकरण मोहीम किंवा १९६२ या फोन क्रमांकावरची फिरती पथकं ही पशुसंवर्धन खात्याची कामं. परिषदेच्या आढाव्यात यातलं काही 'साध्य' म्हणून आलं तर ते दुसऱ्याच्या शेतातलं पीक आहे.

परिषदेचा खरा भाग औषधाच्या चिठ्ठीवर येऊन थांबतो. शेड्यूल एच मधलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे, पण गुरांची औषधं आपल्याकडे चिठ्ठीवर कमी आणि तोंडी जास्त विकली जातात. आपण स्वतः चिठ्ठी लिहितो का? लिहिली तर त्यावर नोंदणी क्रमांक असतो का? प्रतिजैविक दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही हे मालकाला सांगतो का, लिहून देतो का? कासदाहाच्या गाईला सडात औषधाची नळी सोडून डॉक्टर पुढच्या गोठ्यावर जातो आणि त्या संध्याकाळचं दूध कॅनमध्ये जातं. चिठ्ठीचा एक ठरलेला नमुना, त्यात दूध आणि मांस न वापरण्याच्या कालावधीचा रकाना, आणि तो न भरणं म्हणजे आचारसंहितेचा भंग, एवढं परिषद करू शकते. माझ्या दृष्टीने असा एक रकाना प्रतिजैविकांवरच्या दहा चर्चासत्रांपेक्षा अधिक मोलाचा.

आता तुम्ही स्वतः काय करू शकता. केंद्रीय असो वा राज्य परिषद, ती कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे, त्यामुळे माहिती अधिकार अधिनियम, २००५ तिला लागू होतो आणि उत्तराला सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत असते. 'परिषदेची प्रगती सांगा' असा अर्ज टाकू नका, छापील आढाव्याचीच प्रत परत येईल. नेमकं विचारा. गेल्या तीन आर्थिक वर्षांत राज्य परिषदेकडे किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, सर्वांत जुनी प्रलंबित तक्रार कोणत्या तारखेची. नोंदवहीतल्या किती जणांचं नूतनीकरण थकलंय आणि मृत्यूमुळे किती नावं कमी केली. नोंदणी नसताना व्यवसाय केल्याबद्दल किती प्रकरणांत पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आणि किती न्यायालयात गेली. कर्मचाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती. हा शेवटचा प्रश्न गाळू नका. दोन कारकुनांवर चालणाऱ्या कार्यालयाने बारा उद्दिष्टं जाहीर केली असतील, तर दोष उद्दिष्टं न गाठण्यात कमी आणि ती जाहीर करण्यात जास्त आहे, आणि तिथे भांडायचं ते परिषदेशी नाही, तिला माणसं न देणाऱ्या खात्याशी.

उत्तरं आली की जिल्ह्यातल्या चार-पाच सहकाऱ्यांनी मिळून ती वाचा, आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवारापुढे तोच कागद ठेवा. वेतन आणि पदं यांवर तो भरभरून बोलेल. तक्रारींच्या निकालाला मुदत घालणार का, कारणांसकट निकाल छापणार का, आणि सही विकणाऱ्या सहकाऱ्याचं नाव नोंदवहीतून काढायला हात वर करणार का, या तिन्हींवर त्याच्याकडून हो किंवा नाही असं लेखी घ्या.